नववी 'ब'मधले राष्ट्राध्यक्ष

नववीत गेले तेव्हा माझी उंची पाच फूट आठ इंच झाली होती. आमच्या मुलींच्या शाळेत माझ्याइतकं उंच कुणीच नव्हतं, शिपाईमामासुद्धा नाहीत. प्रार्थनेच्या रांगेत मी कायम शेवटची. वर्गात शेवटचा बाक माझा, कारण पुढे बसले की मागच्या चार जणींना फळा दिसत नसे. नारायण पेठेत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. समोरच्या काकू मला पाहिलं की आईला म्हणायच्या, "तुमचं बरं आहे हो, माळ्यावरचे डबे काढायला स्टूल लागत नाही."

आई हसायची, पण तिला ते लागायचं. एवढ्या उंच मुलीला नवरा कुठून आणायचा, ही काळजी तिने मी बारा वर्षांची असल्यापासून सुरू केली होती. "जरा खांदे पाडून चाल गं," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणे. बाबा पोस्टात होते. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, "उंची काय रबराने खोडता येते?" मी मात्र आईचं ऐकलं होतं. पोक काढून चालायची मला इतकी सवय झाली होती की ड्रिलच्या तासाला ताठ उभं राहायला सांगितलं तर पाठ दुखायची.

अशा मुलीला इतिहासाच्या बाईंनी त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात नाटकाची मुख्य भूमिका दिली, आणि तीही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची.

बाई तेव्हा चाळिशीच्या असतील. लग्न केलेलं नव्हतं. पांढऱ्या सुती साडीचा पदर कमरेला खोचून सायकलवरून शाळेत येत. शिकवताना पुस्तक कधी हातात धरत नसत आणि कुणी उत्तर पाठ करून म्हणायला लागलं की, "हे पुस्तकात आहे, मला माहीत आहे. तू काय म्हणतेस?" असं विचारून तिची फजिती करत. दरवर्षी संमेलनाला कुठलं तरी पौराणिक नाटक व्हायचं. बाईंनी त्या वर्षी ठरवलं की पुरे झाले मुकुट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ज्यांनी गुलामगिरी संपवायला हात घातला, त्या राष्ट्राध्यक्षांवर त्यांनी स्वतः एक नाटक लिहिलं. त्यात राष्ट्राध्यक्षांचं नाव कुठेच नव्हतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते 'अध्यक्ष' होते, आणि आम्हीही त्यांना तसंच म्हणायला लागलो.

"अध्यक्ष सहा फुटांच्या वर होते," बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "वर्गात दुसरी कोण आहे? उभी राहा. अशी नाही, पूर्ण उभी राहा."

मी पूर्ण उभी राहिले. मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत.

पुढचे काही दिवस बाई आम्हाला मधल्या सुट्टीत अध्यक्षांची गोष्ट सांगत. ओंडक्यांच्या एका खोलीत जन्म. नऊ वर्षांचे असताना आई गेली. सगळे दिवस मोजले तर शाळा एक वर्षसुद्धा झाली नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पुस्तकं मागून आणायची आणि चुलीच्या उजेडात वाचायची. दुकान काढलं, ते बुडालं. निवडणूक लढवली, हरले. स्वतःच वाचून वकील झाले. दिसायला ओबडधोबड, हातपाय लांबलचक, कपडे कायम आखूड. लोक त्यांच्या रूपावरून चेष्टा करत, आणि ते स्वतःही त्या चेष्टेत सामील होत. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा एका अकरा वर्षांच्या मुलीने त्यांना पत्र पाठवलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवलीत तर बरे दिसाल. आणि त्यांनी खरोखर दाढी ठेवली.

ही पत्राची गोष्ट मला फार आवडली. एवढ्या मोठ्या माणसाला एक शाळकरी मुलगी असं काही लिहू शकते आणि तो ऐकतो! दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ते महत्त्वाचे कागद आपल्या उंच काळ्या टोपीत ठेवत. मी लगेच ठरवलं की माझी विसरायला होणारी वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून टोपीत ठेवायची.

त्या आठवड्यात मी घरी आरशासमोर उभी राहून खांदे मागे घेऊन पाहिले. अध्यक्षांना कुणी खांदे पाडून चालायला सांगितलं असेल का, असा विचार मनात आला. चौदा वर्षांच्या वयात एखादा माणूस आवडायला एवढं पुरतं.

मग पात्रांची निवड झाली. सेनापती झाला, मंत्री झाले, अध्यक्षांची पत्नी झाली. शेवटी बाई म्हणाल्या, "आता गुलाम. सहा जणी लागतील." त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि पटापट बोट दाखवत गेल्या. तू, तू, ती खिडकीजवळची, तू.

सहा जणी उभ्या राहिल्या. त्यातली खिडकीजवळची मुलगी मंगळवार पेठेतून यायची. वडील खडकीच्या कारखान्यात कामाला होते. तिच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली होती, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणीच बोलत नसे. तिच्याशी फारसं बोलायचीही पद्धत नव्हती. ती गणितात नेहमी पहिली यायची, एवढीच माझी तिची ओळख.

ती म्हणाली, "बाई, एक विचारू?"

"विचार."

"या सहा जणी तुम्ही कशावरून निवडल्या?"

बाईंचं पुढे केलेलं बोट खाली आलं. आम्ही सगळ्यांनी त्या सहा जणींकडे पाहिलं. सहाही जणी काळ्यासावळ्या होत्या, आणि त्यातल्या चार जणी पुलाकडच्या आणि स्टेशनकडच्या वस्त्यांतून येणाऱ्या होत्या. दुसऱ्या कुणी ते आधी पाहिलंच नव्हतं, किंवा पाहूनही त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"मी गुलाम होणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "नाटकात नको असेन तर नको."

बाईंनी वही मिटली. घंटा व्हायला अजून पाच मिनिटं होती, पण त्या वर्गाबाहेर गेल्या. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला हवं. मला त्या मुलीचा राग आला. बाई आता नाटक रद्द करतील आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी उंची कामाला आली होती ती वाया जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शाळा सुटल्यावर मी तिला फाटकापाशी गाठलं.

"एवढं काय झालं गं? नाटकच तर आहे."

तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. ती माझ्या खांद्याला लागायची. "तुला अध्यक्ष केलंय ना," ती म्हणाली, "म्हणून तुला ते नाटक वाटतंय." आणि चालू लागली.

मी घरी आले, दप्तर टाकलं आणि काही न खाता बसून राहिले. बाबांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, अर्थात माझ्या बाजूने. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रश्न बरोबर विचारलाय मुलीने." एवढं बोलून ते पेपरात शिरले. मला त्यांचाही राग आला.

तीन दिवस तालीम झाली नाही. चौथ्या दिवशी बाई वर्गात आल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी चुकले. मुली निवडताना माझ्या मनात काय होतं, हे मी घरी जाऊन स्वतःला विचारलं. उत्तर मला आवडलं नाही. मी गुलामगिरीविरुद्ध नाटक लिहिलं आणि त्याची पात्रं रंग पाहून निवडली. मी तुम्हा सहा जणींची माफी मागते."

शिक्षकांनी विद्यार्थ्यांची माफी मागणं तेव्हा कुणी ऐकलेलंच नव्हतं. बाईंनी पर्समधून कागदाच्या घड्या काढल्या. "आता सगळ्या भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरतील. अध्यक्ष सोडून. उंचीला माझा इलाज नाही."

चिठ्ठ्या निघाल्या. गुलामांच्या सहा जणींत सदाशिव पेठेतल्या एका वकिलांची गोरीपान मुलगी आली. दुसऱ्या दिवशी तिची आई तणतणत शाळेत हजर. "आमच्या मुलीला गुलाम केलंत तुम्ही?" आम्ही जिन्यात उभं राहून ऐकत होतो.

"हो," बाई म्हणाल्या. "वाईट वाटलं ना?"

"वाटणारच!"

"मग नाटक बघायला जरूर या. तुम्हाला कळेल."

खिडकीजवळच्या मुलीच्या चिठ्ठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे तिला भूमिका नव्हती. बाईंनी तिला आणि मला तास संपल्यावर थांबवून घेतलं. मी घाबरले होते. बाईंनी तिला विचारलं, "तुला नाटकात आणखी काय खटकलं?"

तिने दप्तर बाकावर ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या नाटकात गुलाम बोलतच नाहीत. नुसते रडतात, आणि शेवटी अध्यक्षांच्या पाया पडतात. आणि सुटल्यावर ते गेले कुठे? त्यांना जमीन मिळाली का? घर मिळालं का?"

"मला नक्की माहीत नाही," बाई म्हणाल्या. "शोधून सांगते."

आठवडाभराने त्या एका वाचनालयातून दोन जाड इंग्रजी पुस्तकं सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आल्या. आम्हा दोघींना समोर बसवून वाचत आणि मराठीत सांगत. अध्यक्षांचा मुक्तीचा पहिला जाहीरनामा सगळ्या गुलामांसाठी नव्हता, बंड केलेल्या राज्यांपुरताच होता. सुरुवातीला तेही दबकतच पुढे जात होते, काळ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीचं मानायला त्यांना स्वतःलाच वेळ लागला. त्या राज्यांशी झालेल्या युद्धात त्यांची मतं बदलत गेली. सुटलेल्यांना जमीन मिळणार असं वाटलं होतं, बहुतेकांना मिळाली नाही. हे सगळं सांगताना बाईंचा आवाज जरा खाली आला होता. त्यांच्या आवडत्या माणसाचा एकेक टवका उडत होता. पण त्यांनी काही लपवलं नाही. उलट एकदा म्हणाल्या, "मला ते आता जास्त आवडायला लागलेत. माणूस बदलतो, हे दिसतं."

त्याच पुस्तकांत बाईंना आणखी एक माणूस सापडला. जन्माने गुलाम. लहानपणी रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकला. मोठा झाल्यावर पळून, गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत गेला आणि असा वक्ता झाला की लोक तासन्‌तास ऐकत. युद्ध चालू असताना तो थेट अध्यक्षांना भेटायला गेला आणि काळ्या सैनिकांना गोऱ्यांइतका पगार का नाही, असं त्याने तोंडावर विचारलं. पुढे अध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हाच्या समारंभात पोलिसांनी त्याला दारातच अडवलं. अध्यक्षांना कळलं, त्यांनी त्याला आत घ्यायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर मित्र म्हणून त्याचं स्वागत केलं.

खिडकीजवळची मुलगी हे ऐकताना बाकाच्या कडेवर आली होती. "हा," ती म्हणाली, "हा मी होते."

तो प्रवेश आम्ही तिघींनी मिळून लिहिला. दोन भेटींची एक केली, कारण पडदा दोनदा पाडायला सोय नव्हती. रविवारी सकाळी मी तिच्या घरी मंगळवार पेठेत तालमीला जायला लागले. एक खोली, लख्ख सारवलेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिचे वडील सुट्टीच्या दिवशी शर्टाला इस्त्री करत आमची तालीम ऐकत. आमच्या पहिल्या मसुद्यात तो वक्ता अध्यक्षांसमोर हात जोडतो असं होतं. ते पाहून त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली.

"हात जोडू नकोस," ते मुलीला म्हणाले. "हा माणूस विनंती करायला आलेला नाही. सांगायला आलाय."

"मग हातांचं काय करू?"

"मागे बांध. किंवा कागद धर. पण जोडायचे नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही, अध्यक्ष. तो आला की उठून उभं राहा. बसून ऐकू नका."

मी उठून उभी राहिले, तर डोकं वरच्या दोरीवर वाळत टाकलेल्या कपड्यांत गेलं. तिघंही हसलो. त्या हसण्यानंतर तिच्या माझ्यातलं ते फाटकापाशी झालेलं बोलणं कुणी पुन्हा काढलं नाही.

पोशाखाची जबाबदारी बाईंनी आमच्यावर टाकली होती. लांब काळा कोट बँडवाल्याकडून मिळाला. त्याच्यावरची सोनेरी जर आईने एक अख्खी दुपार बसून उसवली. दाढी आणायला बुधवार पेठेत नाटकांचे पोशाख देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, "ऋषी की म्हातारा?" मी म्हटलं, अमेरिकेचे अध्यक्ष. तो म्हणाला, "तशी येत नाही. ऋषीची कापून देतो." टोपीचा प्रश्न मात्र सुटेना. तेवढी उंच टोपी पुण्यात कुणाकडेच नव्हती. शेवटी आम्ही दोघी कसब्यात बुरूड आळीत गेलो आणि एका बुरूडमावशींना बाईंनी काढलेलं चित्र दाखवलं.

मावशींनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "हे काय? धान्याची कणगी का?"

"टोपी आहे."

"कुणाची?"

"एका मोठ्या माणसाची."

"डोकं मोठं होतं म्हणायचं." त्यांनी सुतळीने माझ्या डोक्याचं माप घेतलं, बांबूच्या पातळ कामट्यांचा एक उभा डबा विणला, त्याला कड काढली, आणि काळं कापड तुम्हीच शिवा म्हणाल्या. दोन दिवसांनी आम्ही टोपी घ्यायला गेलो तर आळीतली सगळी माणसं एकेकदा ती घालून बघत होती.

तालमीसाठी खिडकीजवळची ती मुलगी, आता माझी मैत्रीण, आमच्या घरीही यायला लागली होती. इथली गोष्ट सांगायला मला बरं वाटत नाही. आई तिला बाहेरच्या खोलीत बसवायची. मला कपात चहा, आणि तिला एका वेगळ्या काचेच्या ग्लासात. तो ग्लास नंतर खिडकीतच राहायचा. आई वाईट नव्हती. तिच्या आईने केलं तेच ती करत होती, आणि मी ते रोज पाहून गप्प बसत होते. मैत्रीण चहा प्यायची, ग्लास स्वतः विसळून खिडकीत ठेवायची आणि म्हणायची, "चल, तिसऱ्या पानापासून."

संमेलन दुपारी चारला होतं. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या, मागे पालकांसाठी खुर्च्या. माझ्या दोन्ही वेण्या टोपीत कोंबलेल्या, वर वाक्यांच्या चिठ्ठ्या, आणि गालांवर गोंदाने चिकटवलेली ऋषीची कापलेली दाढी. पहिले प्रवेश बरे झाले. जाहीरनाम्यावर सही करायच्या प्रवेशात अध्यक्षांचा हात थरथरतो, कारण त्या दिवशी सकाळपासून त्यांनी शेकडो लोकांशी हात मिळवलेले असतात. माझा हात खराच थरथरत होता, त्यामुळे तो प्रवेश फार वठला.

मग दाराचा प्रवेश आला. दोन पोलीस भाले असावेत तशा लाठ्या आडव्या धरून उभे. मैत्रीण आली. तिच्या वडिलांचा इस्त्री केलेला पांढरा शर्ट, वर माझ्या बाबांचा जुना कोट. पोलिसांनी तिला अडवलं. "तुला आत जाता येणार नाही."

"मला अध्यक्षांना भेटायचं आहे."

"तुझ्यासारख्यांना आत सोडायचा हुकूम नाही."

ती नुसती उभी राहिली. तालमीत ती तिथे लगेच पुढचं वाक्य म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. मी आतून ओरडले, "त्यांना आत येऊ द्या. ते माझे मित्र आहेत." ते वाक्य मी तालमीत शंभरदा म्हटलं होतं. त्या दिवशी ते म्हणताना मला खिडकीतला ग्लास दिसला.

ती आत आली. मी उठून उभी राहिले, हात पुढे केला आणि त्याच वेळी घामाने गोंद सुटून दाढीची उजवी बाजू गालावरून लोंबायला लागली. पुढच्या रांगेतल्या पाचवीच्या मुली खिदळल्या. मग सगळा हॉल. मी एका हाताने दाढी दाबत उभी, दुसरा हात तिच्या हातात, आणि पुढचं वाक्य पार पुसलं गेलेलं. चिठ्ठ्या टोपीत, आणि टोपी काढली तर वेण्या बाहेर.

तिने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. हसणं ओसरेपर्यंत थांबली. मग शांतपणे म्हणाली, "अध्यक्षमहाराज, दाढीचं राहू द्या. आमच्या सैनिकांच्या पगाराचं बोला."

हे वाक्य नाटकात नव्हतं. आधी एक मोठा हशा उठला, आणि त्यातूनच टाळ्या सुरू झाल्या. विंगेत बाई डोळे पुसत होत्या, हसून की कशाने ते कळलं नाही. मी दाढी ओढून काढली, खिशात घातली आणि उरलेलं नाटक तशीच बिनदाढीची अध्यक्ष म्हणून केलं.

शेवट आम्ही बदलला होता. अध्यक्षांना नाट्यगृहात गोळी घातली गेली, हे एक मुलगी पुढे येऊन साध्या शब्दांत सांगते. त्यानंतर कुणी पाया पडत नाही, रडत नाही. गुलाम झालेल्या सहा जणी रांगेत उभ्या राहून एकेक वाक्य बोलतात: काय मिळालं, काय मिळालं नाही. शेवटचं वाक्य वकिलांच्या मुलीचं होतं. "हे भांडण अजून संपलेलं नाही. रोजचा पेपर वाचा." ते खरंच होतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या मोर्चांच्या बातम्या त्या दिवसांत रोज येत होत्या.

प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राचार्य आले होते. भाषणात त्यांनी मुलींचं कौतुक केलं, बाईंचं अभिनंदन केलं आणि शेवटी म्हणाले, "दाढी मात्र पुढच्या वेळी नीट चिकटवा."

आई घरी येताना रस्ताभर काही बोलली नाही. मला वाटलं, तिला नाटक आवडलं नाही. त्यानंतरच्या आठवड्यात मैत्रीण वही द्यायला आली आणि सवयीने बाहेरच्या खोलीत थांबली, तेव्हा आतून आईचा आवाज आला, "आत ये गं. पोळ्या करतेय, गरम आहेत तोवर खा." मैत्रीण क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग चप्पल काढून आत गेली आणि आईशेजारी पाटावर बसली. आईने तिला आमच्या रोजच्याच ताटात वाढलं. त्या विषयावर आई पुढेही कधी बोलली नाही. ग्लास कधी नाहीसा झाला ते मला आठवत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मैत्रीण मॅट्रिकनंतर टेलिफोन खात्यात लागली आणि काम करत करत बी.ए. झाली. तिथल्या बायकांच्या युनियनची ती अनेक वर्षं सेक्रेटरी होती. साहेबांसमोर हात मागे बांधून बोलायची, असं तिच्याबरोबरच्या मला सांगत. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली. वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला सगळे मलाच बोलवायचे. लग्न झालं. नवरा माझ्यापेक्षा दोन इंचांनी बुटका. मला बघायला आला तेव्हा आईचा जीव टांगणीला लागला होता. तो म्हणाला, "मला मान वर करून बोलायची सवय होईल." झाली.

बाई निवृत्त झाल्यावर एका लहान ब्लॉकमध्ये एकट्या राहत. आम्ही दोघी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो. एकदा गेलो तर त्या चष्म्याशिवाय भिंग लावून अध्यक्षांचं एक नवं, जाडजूड चरित्र वाचत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी चहाचंही विचारलं नाही.

"बसा आधी," त्या म्हणाल्या. "आपल्या नाटकात चार चुका होत्या. आत्ता सापडल्या. लिहून घ्या."

मैत्रिणीने पर्समधून पेन काढलं. मी डायरीचं पान उलटलं. बाई सांगायला लागल्या आणि पहिल्याच चुकीवर त्यांचं आणि मैत्रिणीचं वाजलं. ती म्हणे, ही चूक नाहीच, तेव्हाच्या पुस्तकात तसंच होतं. बाई म्हणत, मग पुस्तक चुकलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिघींच्या चहाचं आधण ठेवलं.